स्मृतिभ्रंश आणि रोबो प्राणी: घरच्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आई-वडील, आजी-आजोबा किंवा जोडीदार यांपैकी कुणाला स्मृतिभ्रंश झाला की घरचे जे जे सुचेल ते करून पाहतात. अलीकडे त्यात रोबो मांजर, रोबो कुत्रा आणि रोबो सील (सील हा थंड समुद्रातला प्राणी) यांचीही भर पडली आहे. त्यांच्याबद्दल पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगते. हे प्राणी उपयोगी आहेत, पण त्यांचा उपयोग सगळ्यांत जास्त होतो तो कुणीतरी शेजारी बसलेलं असताना. म्हणून कोणता घ्यायचा हे ठरवण्याआधी शेजारी कोण आणि कधी बसणार, हे घरात ठरवून घ्या.

रोबो प्राणी म्हणजे नेमकं काय असतं?

मऊ केसांचं, खऱ्या प्राण्यासारखं दिसणारं यंत्र. आत स्पर्श, उजेड किंवा आवाज ओळखणारे सेन्सर आणि छोट्या मोटारी असतात. पाठीवरून हात फिरवला की ते मान वळवतं, डोळे मिटतं, घुर्रघुर्र करतं. स्मृतिभ्रंशासाठी वापरले जाणारे बहुतेक प्राणी चालत नाहीत, मांडीवर किंवा पलंगावरच राहतात. हे चांगलंच आहे, कारण तोल सांभाळायला कष्ट पडणाऱ्या माणसाच्या पायात काही घुटमळायला नको.

कोणकोणते प्रकार आहेत?

सगळ्यांत जास्त अभ्यास झाला आहे तो ‘पारो’चा. जपानमधले संशोधक ताकानोरी शिबाता यांनी 1993 मध्ये त्यावर काम सुरू केलं. हे हार्प सील जातीचं पांढरं पिल्लू आहे. लांबी साधारण 57 सेंटीमीटर आणि वजन तान्ह्या बाळाच्या आसपास, त्यामुळे ते कडेवर घेतल्यासारखं धरता येतं. स्पर्श, उजेड, आवाज, तापमान आणि आपल्याला कसं धरलं आहे, हे त्याला कळतं. ज्या कृतीनंतर त्याला कुरवाळलं गेलं ती कृती ते पुन्हा करू पाहतं, आणि दिलेल्या नावाला प्रतिसाद द्यायलाही शिकतं. चार्जिंगची तार बाळाच्या चोखणीसारखी तोंडात बसते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, 2009 मध्ये त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली.

दुसरा प्रकार ‘जॉय फॉर ऑल’ या नावाने मिळणाऱ्या मांजरांचा आणि कुत्र्यांचा. खेळणी बनवणाऱ्या हॅस्ब्रो कंपनीने 2015 मध्ये आधी मांजर आणलं, नंतर कुत्र्याचं पिल्लू. 2018 पासून हे काम ‘एजलेस इनोव्हेशन’ ही वेगळी कंपनी बघते. यातलं मांजर पंजा उचलतं, कुशीवर वळतं, आणि ते घुरघुरताना हाताला थरथर जाणवते. पिल्लाच्या छातीत ठोके जाणवतात. तंत्र पारोपेक्षा बरंच साधं आहे, नवीन काही शिकण्याची सोय नाही, आणि म्हणूनच ते पारोच्या मानाने कितीतरी स्वस्त पडतं.

सोनीचा ‘आयबो’ कुत्रा आणि शेपटी हलवणारी ‘कूबो’ ही उशी यांचीही नावं ऐकू येतात. आयबो चालतो, त्याचं अंग कडक आहे आणि तो कुशीत घेण्यासाठी बनवलेला नाही. स्मृतिभ्रंशाच्या मधल्या किंवा पुढच्या टप्प्यावरच्या माणसासाठी मी तो सुचवणार नाही.

सीलच का? सील कुणी पाळतं का?

कुणी पाळत नाही, म्हणूनच तो निवडला गेला. शिबाता यांनी आधी मांजर आणि कुत्रा करून पाहिले होते. पण खरं मांजर सगळ्यांच्या ओळखीचं असतं, त्यामुळे यंत्रात काय चुकतंय ते लोकांच्या लगेच लक्षात येई. सीलचं पिल्लू प्रत्यक्षात फार कमी जणांनी पाहिलेलं असतं. तुलनेला काही नसल्यामुळे ते जसं आहे तसं स्वीकारलं जातं.

हा विचार हुशारीचा आहे, पण तो सगळ्यांना लागू होत नाही. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी वृद्धांसमोर आणि रोबो बनवणाऱ्या तज्ज्ञांसमोर वेगवेगळे प्राणी ठेवून पाहिले. तज्ज्ञांची पसंती पारोला होती. वृद्धांना मात्र ओळखीचे मांजर आणि कुत्राच आवडले. ज्या बाईंनी आयुष्यभर मांजरं सांभाळली, त्यांच्या हातांना मांजर कसं धरायचं हे माहीत असतं, आणि ही हातांची आठवण नावं आणि तारखा पुसल्या गेल्यावरही बराच काळ टिकते. म्हणून आधी माणसाचा भूतकाळ बघा. कुत्रा चावल्याची भीती मनात असेल तर कुत्रा नको. कुठल्याच प्राण्याशी कधी संबंध आला नसेल, तर सीलचा विचार करायला हरकत नाही.

खरंच फरक पडतो का, की नुसती जाहिरात?

पडतो, पण तो माफक असतो आणि सगळ्यांच्या बाबतीत पडत नाही. आजवरच्या मोठ्या चाचण्यांपैकी एक ऑस्ट्रेलियात झाली आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. ग्रिफिथ विद्यापीठाच्या वेंडी मॉयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 28 शुश्रूषा केंद्रांमधल्या 415 जणांना तीन गटांत विभागलं. एका गटाला चालू पारो मिळाला आणि दुसऱ्याला यंत्रणा बंद केलेला पारो, म्हणजे दिसायला तोच पण नुसता मऊ प्राणी. तिसऱ्या गटाची नेहमीची काळजी तेवढी सुरू राहिली. प्राणी मिळालेल्या दोन्ही गटांना तो 10 आठवडे, आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी 15 मिनिटं देण्यात आला.

चालू पारो मिळालेली माणसं त्याच्याशी जास्त बोलली, त्याच्याकडे जास्त वेळ पाहत राहिली. नेहमीच्या काळजीशी तुलना केली तर त्यांची अस्वस्थता कमी होती आणि चेहऱ्यावरचा आनंद जास्त. पण बंद पारोशी तुलना केली तेव्हा मोठा फरक गुंतून राहण्यापुरताच दिसला.

नॉर्वेतल्या एका अभ्यासात 60 जणांना 12 आठवडे, आठवड्यातून दोनदा, गटात बसवून पारो दिला गेला. सत्रं थांबल्यानंतर तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा तिथे अस्वस्थता आणि नैराश्य दोन्ही कमी झालेले दिसले. मला यातली गटाची गोष्ट महत्त्वाची वाटते. पाचसहा माणसं गोल करून बसली आहेत, पारो एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर जातो आहे, आणि एरवी एकमेकींकडे न बघणाऱ्या बायका त्याच्याविषयी का होईना, आपसात बोलत आहेत. या बोलण्याचाही वाटा त्या परिणामात असणार, असं मला वाटतं.

मग साधा मऊ कुत्रा किंवा मांजर दिलं तर?

जरूर द्या, आणि आधी तेच द्या. ऑस्ट्रेलियातल्या चाचणीचा घरगुती अर्थ माझ्या मते हाच आहे. मऊ, हातात मावणारं, थोडं वजन असलेलं काहीतरी कुशीत असणं हेच बऱ्याच जणांना पुरतं. एखाद्याला ते पुरत नाही. त्याला समोरच्याने उत्तर द्यावं असं वाटतं, नाहीतर दोन मिनिटांत तो हातातलं बाजूला ठेवतो. अशा माणसासाठी हलणाऱ्या, आवाज देणाऱ्या प्राण्यावर पैसे घालण्यात अर्थ आहे.

औषधं कमी होतील का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी कमी करू नका.

तरीही हा प्रश्न योग्य आहे. स्मृतिभ्रंशातली चिडचिड आणि आरडाओरडा आवरायला कधी कधी मनोविकारावरची औषधं दिली जातात. वृद्ध रुग्णांमध्ये यांतल्या काही औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा एफडीएने 2005 मध्ये दिला. औषधाशिवाय काय करता येईल याचा शोध सगळीकडे सुरू आहे, तो त्यामुळेच. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात 61 जणांमध्ये पारो वापरणाऱ्यांची चिंता कमी झाली, आणि वेदनाशामक व मनावर काम करणारी औषधंही कमी लागली. हा अभ्यास लहान आहे. डॉक्टरांशी बोलणं सुरू करायला तो पुरेसा आहे, त्याहून जास्त वजन त्यावर टाकू नका.

आणि एक सांगते. माणूस अचानक जास्त चिडचिडा झाला असेल तर मांजर आणायच्या आधी दुखणं, बद्धकोष्ठता, लघवीचा जंतुसंसर्ग, ऐकू न येणं या गोष्टी तपासून घ्या. स्वतःला काय होतंय हे त्याला सांगता येत नसतं.

पाच मिनिटांत विसरूनच जाणार असेल, तर उपयोग काय?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात बहुतेक वेळा थकवा असतो, आणि तो मला समजतो. याचं चांगलं उत्तर आयोवा विद्यापीठातल्या 2014 च्या एका अभ्यासात आहे. अल्झायमर झालेल्या 17 जणांना दुःखी आणि आनंदी दृश्यं दाखवली. थोड्या वेळाने त्यांना काय पाहिलं ते जवळजवळ सांगता येईना, पण त्या दृश्यांनी जागी झालेली भावना मागे राहिली होती. प्रसंग जातो, त्याने आलेलं बरं वाटणं किंवा वाईट वाटणं काही काळ राहतं. आईने दुपारी मांजर कुरवाळलं हे संध्याकाळी तिला सांगता येणार नाही. पण संध्याकाळ थोडी शांत गेली, तर तेवढ्यासाठीही हे करण्यासारखं आहे.

हे फसवणं नाही का?

सगळ्यांत अवघड प्रश्न हाच आहे, आणि तो विचारणारी माणसं आपल्या माणसावर मनापासून प्रेम करणारी असतात. ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ रॉबर्ट स्पॅरो यांनी 2002 मध्येच हा आक्षेप मांडला होता. त्यांचं म्हणणं असं की, यंत्र आपल्यावर माया करतं असं वाटून मिळणारं सुख भ्रमावर उभं असतं, आणि असा भ्रम मुद्दाम निर्माण करणं चूक आहे.

मी हा आक्षेप बाजूला सारत नाही. पण घरात रोज जे घडतं ते यापेक्षा गुंतागुंतीचं असतं. अनेकांना तो प्राणी खरा नाही हे नीट माहीत असतं आणि तरीही त्याला मांडीवर घेणं त्यांना आवडतं. काहींना ते कधी माहीत असतं, कधी नसतं. काहींच्या लेखी तो जिवंतच असतो. म्हणून एक साधा नियम पाळा: स्वतःहून ‘हे खरं मांजर आहे’ असं म्हणू नका, आणि विचारलं नसताना ‘अगं, हे यंत्र आहे’ असंही सांगत बसू नका. देताना ‘बघ काय आणलंय’ एवढंच म्हणा. ती त्याला ‘मनी’ म्हणाली तर तुम्हीही मनी म्हणा. वडिलांनी सरळ विचारलं, ‘हे खरं आहे का रे?’, तर सरळ उत्तर द्या: ‘नाही बाबा, सेलवर चालतं. पण मऊ आहे ना?’ खरं कळल्यावर वाईट वाटून ते दूर ठेवणारे असतात, तसेच हसून पुन्हा कुरवाळणारेही असतात.

माझ्या मते खरी फसवणूक दुसरीच आहे. मांडीवर मांजर ठेवलं, आता आईची काळजी मिटली, असं आपण स्वतःला सांगतो ती.

मोठ्या माणसाला खेळणं देणं अपमानाचं नाही का?

आपण कसं देतो त्यावर ते अवलंबून आहे. लहान मुलाशी बोलतात तसा लाडिक सूर लावून, चार माणसांसमोर ‘हे घे तुझं बाळ’ असं म्हणून हातात कोंबलं तर अपमानच आहे. शाळा चालवलेल्या, हिशेब सांभाळलेल्या, घर उभं केलेल्या माणसाला हा सूर लगेच कळतो. शब्द कळले नाहीत तरी कळतो. आधी विचारा, ‘थोडा वेळ याला घेता का?’ मदत मागितल्यासारखं विचारलं तर बऱ्याचदा जास्त चांगलं. कुणाची तरी काळजी घेणं हे मोठ्या माणसाचं काम आहे, आणि स्मृतिभ्रंशाने पहिल्यांदा हिरावून घेतलेल्या कामांपैकी ते एक असतं.

पहिल्यांदा कसं द्यावं?

माणूस शांत असताना द्या. सकाळची आवराआवर झाल्यावर किंवा दुपारी झोप होऊन गेल्यावर. रडणं, भांडण सुरू असताना ते शांत करायला म्हणून पहिल्यांदा देऊ नका.

खोक्यातून त्यांच्यासमोर काढू नका. सेल घालून, सुरू करून, आवाज तपासून मग न्या. खोलीतला टीव्ही बंद करा. चष्मा आणि श्रवणयंत्र लावलेलं आहे ना ते बघा, हे फार जणांकडून राहून जातं. मग तुम्ही स्वतः तो प्राणी मांडीवर घेऊन शेजारी बसा आणि कुरवाळत राहा, काही न म्हणता. बघणाऱ्याचा हात आपणहून पुढे आला तर त्याच्याकडे द्या. नाही आला, तर दहापंधरा मिनिटांनी उठून जा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.

हातात घेतल्यावर बोलणं सुरू होऊ द्या. ‘तुमच्या घरी कुत्रा होता ना? काय नाव त्याचं?’ यापेक्षा ‘याचे कान किती मऊ आहेत’ असं म्हणणं सोपं पडतं, कारण त्यात काही आठवावं लागत नाही. जुन्या गोष्टी निघायच्या असतील तर त्या आपोआप निघतात.

आईला तो अजिबात आवडला नाही. आता?

मग नाही द्यायचा. काहींना यंत्राची घरघर ऐकून भीती वाटते, काहींना राग येतो, काहींना कंटाळा. आधी आवाज बंद करून पाहा. जॉय फॉर ऑलच्या मांजराला तशी सोय आहे. दोनतीनदा वेगवेगळ्या वेळी दाखवूनही नकोच म्हणत असेल, तर तो तिचा निर्णय आहे आणि तो मानायचा.

ती त्याला खरा समजून भरवायला लागली तर?

हे होतं. रागावू नका आणि हसूही नका. ‘त्याचं नुकतंच झालंय, आता झोपेला आलाय’ असं म्हणून विषय वळवता येतो. खाण्यापिण्याच्या वेळी प्राणी दुसऱ्या खोलीत ठेवला तर प्रश्नच कमी येतो. स्वतःच्या ताटातलं त्याला देऊन ती उपाशी राहत असेल, त्याला सोडून अंघोळीला किंवा झोपायला जायला तयार नसेल, किंवा ‘हा आजारी आहे’ म्हणून तिचा जीव टांगणीला लागत असेल, तर वेळ कमी करा. काळजी वाढते आहे असं दिसलं तर सरळ थांबवा.

सेल संपले आणि तो हलायचा थांबला तर?

ज्या माणसाला तो जिवंत वाटतो, त्याच्या लेखी तो मेला. म्हणून जादा सेल घरात नेहमी ठेवा, आणि सेल बदलणं त्यांच्या नजरेआड करा. चार्जिंगचा प्राणी असेल तर ते झोपले असताना लावा. मध्येच बंद पडलाच तर ‘झोपलाय तो’ म्हणून हळूच उचलून न्या.

किती वेळ आणि कधी द्यावा?

अभ्यासांमध्ये एका वेळी 15 ते 30 मिनिटं, आठवड्यातून दोनतीनदा असं प्रमाण दिसतं. घरी तुम्ही रोजही देऊ शकता. संध्याकाळी बेचैनी वाढणाऱ्यांना ती सुरू व्हायच्या थोडं आधी द्यावा. दिवसभर हातात राहिला तर नवलाई जाते आणि लक्ष उडतं. याला अपवाद आहे. शेवटच्या टप्प्यात, पलंगाला खिळलेल्या माणसाला नुसतं कुशीत काही असण्याने धीर वाटत असेल, तर वेळ मोजू नका.

घरात खरं मांजर किंवा कुत्रा असेल तर?

खऱ्या प्राण्याची सर यंत्राला नाही. तो सांभाळायला दुसरं कुणी असेल आणि माणूस व प्राणी दोघेही सुरक्षित असतील, तर त्यालाच राहू द्या. रोबो प्राण्याची गरज पडते ती अ‍ॅलर्जी असेल, तोल जाऊन पडण्याची भीती असेल, किंवा माणूस प्राण्याला नकळत जोरात दाबत, ओढत असेल तेव्हा.

स्वच्छता कशी ठेवायची?

एकाच माणसाकडे असेल तर बनवणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे पुसून काढणं, केस विंचरणं पुरतं. आत यंत्र असल्यामुळे पाण्यात बुडवायचा नाही. शुश्रूषा केंद्रात तो अनेकांच्या हातांतून फिरत असेल तर मात्र कडक नियम हवेत. प्लिमथच्याच संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं की, चार जणांनी मिळून 20 मिनिटं हाताळल्यावर बहुतेक प्राण्यांवर जंतूंचं प्रमाण मर्यादेबाहेर गेलं होतं, आणि जंतुनाशक फवारून नीट पुसल्यावर ते पुन्हा मर्यादेत आलं. आधी आणि नंतर हात धुवायला लावा. जुलाब, त्वचेचा संसर्ग असं काही असेल तर त्या माणसाचा प्राणी दुसऱ्याला देऊ नका.

त्यात कॅमेरा असतो का?

पारोत आणि जॉय फॉर ऑलच्या प्राण्यांमध्ये नसतो. आयबोत असतो, आणि तो इंटरनेटलाही जोडलेला असतो. नवे प्रकार सतत येत आहेत, त्यामुळे घेताना हा प्रश्न स्पष्ट विचारा. ज्या माणसाला स्वतः परवानगी देता येत नाही, त्याच्या खोलीतली चित्रं कुठे जातात हे तुम्हाला माहीत असलंच पाहिजे.

तो दिला की मला थोडं बाहेर पडता येईल का?

अर्धा तास शेजारच्या खोलीत निवांत बसता आलं, तर तो वेळ नक्की घ्या. त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका, सांभाळणारं माणूसही थकतं. पण घरात एकटं सोडता येत नसलेल्या माणसाला रोबो प्राण्याच्या भरवशावर सोडता येणार नाही. तो कुणी पडलं तर हाक मारणार नाही, गॅस चालू राहिला तर बंद करणार नाही.

भेटायला येणाऱ्यांसाठी मात्र त्याचा मोठा आधार होतो. काय बोलावं हे न सुचून नातवंडं आणि जुने मित्र हळूहळू येणं कमी करतात. मध्ये एक मांजर असलं की सगळ्यांच्या हातांना काम मिळतं आणि बोलायला विषय. त्यासाठी प्राणी कपाटात ठेवू नका, पाहुणे येतील तेव्हा तो बैठकीत असू द्या.

घेण्याआधी करून पाहता येईल का?

पाहावंच. ओळखीतल्या कुणाकडे, एखाद्या डे-केअर केंद्रात किंवा स्मृतिभ्रंशाच्या मदतगटाकडे असेल तर दोनचार दिवस मागून आणा. नसेल तर घरातली मऊ उशी किंवा साधा केसाळ प्राणी आठवडाभर देऊन बघा. त्या आठवड्यात रोज चार ओळी लिहून ठेवा: कधी दिला, किती वेळ हातात होता, चेहरा कसा होता, त्यानंतरचा तास कसा गेला. हीच वही पुढे डॉक्टरांनाही दाखवता येईल. मऊ प्राण्याला हात लागला आणि लगेच सुटला, पण नजर त्याच्यावर खिळून राहिली, असं दिसलं तर हलणारा घ्यायला हरकत नाही. तो दिवसेंदिवस कोपऱ्यात पडून राहिला, तर पैसे राखून ठेवा आणि त्यांना आवडणाऱ्या दुसऱ्या गोष्टीकडे वळा: गाणं, बागेतली माती, कपड्यांच्या घड्या घालणं.